महासाथीतले खाडे

महासाथीच्या काळात घरकामाला येणाऱ्या बाईंना येऊ द्यावे की नको, हा प्रश्न वरवर पाहता आरोग्याचा वाटतो आणि म्हणून त्याचे उत्तरही आपण आरोग्याच्याच भाषेत शोधतो. साथ किती पसरली आहे, घरात वयस्क कोणी आहे का, बाई कशाने येतात, आणखी किती घरी जातात, असे प्रश्न आपण विचारतो आणि ते रास्तही आहेत. पण त्यांच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो, जो आपण सहसा उच्चारत नाही: बाई आल्या नाहीत, तर त्यांच्या पगाराचे काय? माझे म्हणणे असे की, हे दोन प्रश्न एकमेकांपासून सोडवून घेतल्याशिवाय, आणि त्यांतला पगाराचा प्रश्न आधी मिटवल्याशिवाय, पहिल्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देताच येत नाही.

मला हे उमगले ते दारात. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडला महासाथ म्हटले, त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. बाई नेहमीच्या वेळी आल्या, चप्पल बाहेर काढली, पिशवी खुंटीला अडकवायला हात वर केला, आणि मी दोन पावले मागे सरकून म्हणाले, "उद्यापासून नका येऊ. सगळं निवळेपर्यंत घरीच थांबा, काळजी घ्या." आपण फार समजूतदारपणे बोललो, असे मला त्या क्षणी वाटले होते. त्यांनी वर नेलेली पिशवी पुन्हा खांद्याला लावली आणि विचारले, "मग ताई, खाडे धरणार का?"

खाडा म्हणजे न आलेला दिवस, आणि खाडा धरणे म्हणजे त्या दिवसाचे पैसे कापणे. एरवी खाडा हा कामाला न येणाऱ्याच्या नावावर पडतो, कारण न येण्याचा निर्णय त्याचा असतो किंवा निदान तसा मानला जातो. इथे मात्र न येण्याचा निर्णय माझा होता, भीती माझी होती, सोयही माझीच पाहिली गेली होती, आणि तरीही खाडा कोणाच्या नावावर पडणार हे बाईंनाच विचारावे लागत होते. त्याच आठवड्यात माझ्या कार्यालयाने आम्हा सगळ्यांना घरून काम करायला सांगितले. पहिले काही दिवस तर यंत्रणाच लागत नव्हती, त्यामुळे काम असे काही झालेच नाही. पण त्या दिवसांचे पैसे कापणार का, हे विचारायचे आमच्यापैकी कोणाच्या मनातही आले नाही. घरातला कचरा कोणी काढायचा या एका क्षुल्लक बाबीपलीकडे हा सगळा विषय आहे, हे त्या एका प्रश्नाने मला दाखवून दिले.

आता आरोग्याच्या बाजूकडे येऊ. बाई येतात म्हणजे रोग येतो, अशी एक दिशा आपण मनाशी धरून चालतो. त्या दिशेत तथ्य नाही असे नाही. रोज चार घरी जाणारी व्यक्ती ही चार घरांमधला दुवा असतेच. पण साधा हिशेब मांडून पाहावा. समजा, एखाद्या दिवशी कोणत्याही घरात बाधित माणूस असण्याची शक्यता शंभरात दोन आहे. चार घरी काम करणाऱ्या बाईंना त्या दिवशी निदान एका बाधित घराला सामोरे जावे लागण्याची शक्यता शंभरात जवळपास आठ होते. त्या माझ्या घरी येतात तेव्हा माझा संबंध एका माणसाशी येतो. त्यांचा चार कुटुंबांच्या श्वासाशी येतो. शिवाय त्यांच्यामार्फत माझ्यापर्यंत जे पोहोचेल, त्यातले बरेचसे माझ्यासारख्याच दुसऱ्या एखाद्या घरातून निघालेले असेल, ही गोष्ट आपण सोईस्करपणे विसरतो आणि बोट मात्र त्यांच्या वस्तीकडे दाखवतो.

ब्राझीलमधल्या रिओ दी जानेरो राज्यात कोविडने झालेला पहिला मृत्यू, मार्च २०२० मधला, एका ६३ वर्षांच्या घरकामगार महिलेचा होता. इटलीहून परतलेल्या आणि पुढे बाधित ठरलेल्या मालकिणीच्या घरी ती काम करत होती. विमानाने आलेला रोग स्वयंपाकघरातून पुढे गेला. निर्णय घेताना 'त्यांच्यापासून आम्हाला काय धोका' यासोबत 'आमच्यापासून त्यांना काय धोका' हेही विचारले गेले पाहिजे, असे मी म्हणते तेव्हा त्यामागे भूतदया नाही. रोग पसरण्याचा रस्ता खरोखरच त्या बाजूनेही जातो.

या रस्त्याची समजही सुरुवातीला बरीच चुकली होती, आणि त्या चुकीचा भार पुन्हा साफसफाई करणाऱ्या हातांवरच आला. प्लास्टिक आणि पोलादाच्या पृष्ठभागावर विषाणू तीन दिवसांपर्यंत टिकतो, हे प्रयोगशाळेतले निरीक्षण मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झाले आणि घरोघरी कड्या, बटणे, पिशव्या, नाणी यांची धुलाई सुरू झाली. पुढे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये सांगितले की, दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. मुख्य वाहक होती ती बंद खोलीतली हवा. म्हणजे ज्या दिवसांत आपण बाईंकडून दाराची कडी तीनतीनदा पुसून घेत होतो, त्या दिवसांत खरी गरज खिडकी उघडण्याची होती. काही ठिकाणी तर कामाला आलेल्या माणसांच्या अंगावर जंतुनाशकाचा फवारा मारला गेला. माणसांवर असा फवारा कोणत्याही परिस्थितीत मारू नये, असे आरोग्य संघटनेला मे २०२० मध्ये स्पष्ट लिहावे लागले. रसायनांचा हा सोस निरुपद्रवी नव्हता. अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे जानेवारी ते मार्च २०२० या तीन महिन्यांत सफाईद्रव्ये आणि जंतुनाशके यांच्या बाधेबद्दल ४५,५५० दूरध्वनी आले आणि हे प्रमाण आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा सुमारे वीस टक्क्यांनी जास्त होते. ब्लीचमध्ये शौचालय धुण्याचे आम्ल मिसळले की क्लोरीन वायू सुटतो, हे बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलेले असते. ती बाटली हातात घेणाऱ्या बाईंना ते वाचून दाखवण्याचे कष्ट आपल्यापैकी किती जणांनी घेतले होते? मी तरी घेतले नव्हते.

मग बाई येत असतील तर काय करावे, हे फारसे अवघड राहत नाही. त्या येण्याआधी अर्धा तास खिडक्या उघडाव्यात, त्या ज्या खोलीत काम करत आहेत तिथून घरच्यांनी उठून जावे, आणि मास्क त्यांच्याइतकाच आपणही लावावा. हा शेवटचा मुद्दा इतका साधा आहे की तो लिहिण्याचीही लाज वाटते, पण मास्क लावून लादी पुसणारी बाई आणि सोफ्यावर उघड्या तोंडाने फोनवर बोलणारा घरमालक हे दृश्य मी एका घरात डोळ्यांनी पाहिले आहे, आणि त्या घरातल्या कोणालाही त्यात काही वावगे वाटत नव्हते.

याहून अवघड आहे ते आपल्या घरची स्थिती बाईंना सांगणे. महासाथीत घरोघरी दारात तापमापक आले. बाईंच्या कपाळावर ते रोखायचे आणि आकडा ठीक असला की आत घ्यायचे. लक्षणे दिसण्याच्या एकदोन दिवस आधीच हा रोग दुसऱ्याला लागू शकतो, त्यामुळे कपाळाच्या आकड्याने फार काही कळत नाही. पण समजा कळत असते, तरी ते यंत्र एकाच दिशेला का रोखलेले होते? आपल्या घरी काल पाहुणे येऊन गेले, मुलाचा घसा दुखतो आहे, नवऱ्याच्या कार्यालयात कोणी बाधित निघाले आणि त्याची चाचणी व्हायची आहे, या गोष्टी बाईंना घरातून निघण्यापूर्वी कळणे हा त्यांचा हक्क आहे. मला विचाराल तर रोज सकाळी निरोप जायला हवा तो घराकडून बाईंकडे: आज आमच्याकडे कोणाला ताप-खोकला नाही, या, किंवा आहे, येऊ नका, आजचा दिवस भरला असे समजा. ज्या घराला असा निरोप पाठवणे अपमानास्पद वाटते, त्या घराने बाईंच्या कपाळावरही यंत्र रोखू नये.

इथपर्यंत बरेच जण माझ्याशी सहमत होतील. पैशांपाशी आले की मतभेद सुरू होतात. काम झाले नाही तर पैसे कशाचे, हा पहिला आक्षेप. त्याचे उत्तर असे की, पगारी नोकरी करणाऱ्या आपल्यातल्या प्रत्येकाला काम न केलेल्या कितीतरी दिवसांचे पैसे मिळत असतात. आपण त्याला आजारपणाची रजा म्हणतो, हक्काची रजा म्हणतो, सण-सुट्टी म्हणतो आणि तिला कोणी दानधर्म समजत नाही. वर्षानुवर्षे आपल्या घराच्या घड्याळाप्रमाणे जिने आपला दिवस बांधला, जिने आपल्या वेळेसाठी दुसरे काम नाकारले, तिच्याशी असलेला व्यवहार दिवसाच्या मजुरीचा नव्हता. साथ ओसरल्यावर त्याच बाई, त्याच वेळेला, घराची सगळी माहिती असलेल्या अशा, आपल्याला परत हव्या असतात. त्या अपेक्षेचे मोल मधल्या महिन्यांत शून्य कसे होईल?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. ज्यांची स्वतःचीच नोकरी गेली किंवा पगार अर्ध्यावर आला, त्यांनी काय करावे? त्यांना पूर्ण पगार द्या म्हणणे हा पोकळ उपदेश होईल. पण मिळकत अर्ध्यावर आल्यावर बाईंचा पगार अर्धा करणे वेगळे आणि तो आधी पूर्ण बंद करून मग स्वतःच्या बाकीच्या खर्चाकडे वळणे वेगळे. काटकसर सुरू होते तेव्हा पहिली कात्री कुठे लागते, यावरून घराचे हिशेब कळतात. जे काही ठरेल ते महिन्याच्या सुरुवातीला तोंडावर सांगावे, आणि पुढच्या महिन्याचे कधी सांगणार तेही सांगावे. 'बघू पुढे' हे वाक्य ऐकणाऱ्याच्या दृष्टीने नकाराहूनही वाईट असते, कारण नकार मिळाला तर माणूस निदान दुसरीकडे विचारायला मोकळा होतो. तिसरा आक्षेप मुदतीचा: असे किती महिने द्यायचे? याला मी ठाम आकडा देणार नाही. पहिली लस सर्वसामान्य लसीकरणात यायला डिसेंबर २०२० उजाडला. मार्चमध्ये कोणाला ते ठाऊक नव्हते. म्हणूनच महिन्या-महिन्याने बोलून ठरवणे हाच मार्ग उरतो, आणि अनिश्चिततेचा काही वाटा ज्याच्याकडे शिल्लक जास्त आहे त्याने उचलणे हा न्याय.

माझ्या बाबतीत हा न्याय करूनही फसला, हेही सांगितले पाहिजे. मी खाडे धरणार नाही असे बाईंना सांगितले, दर महिन्याला पैसे पोहोचते केले आणि माझे कर्तव्य झाले असे मानून चालले. तीन महिन्यांनी कळले की त्या कधीपासूनच पुन्हा कामावर जात होत्या. इतर तीन घरांपैकी दोघांनी पगार थांबवला होता आणि तिसऱ्याने येत असाल तरच देऊ असे सांगितले होते. चारांतल्या एका पगारावर त्यांचे घर चालणार कसे? माझ्या पैशांनी त्या माझ्या घरी येत नव्हत्या इतकेच झाले. रोगाच्या वाटेत मात्र त्या उभ्या होत्याच. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने माझा चांगुलपणा एक चतुर्थांश होता, आणि रोग अपूर्णांकात थांबत नाही. तेव्हा मी त्या तीन घरांशी बोलायला हवे होते. त्यांतल्या दोघींना मी ओळखत होते. बोलले नाही, कारण दुसऱ्याच्या घरच्या व्यवहारात कशाला तोंड घालायचे, हा संकोच. तो संकोच मला आज अनाठायी वाटतो. एकाच बाईंकडे काम असलेल्या घरांनी मिळून एक निर्णय घेणे हे महासाथीत जितके आवश्यक होते तितके क्वचितच कुठे घडले असेल. काहींनी उलट 'फक्त आमच्याकडेच या' अशी अट घातली. चार घरांचा पगार एकाच घराने देण्याची तयारी असेल तर ही अट समजू शकते; नसेल तर ती आपल्या सुरक्षिततेचे बिल दुसऱ्याला पाठवणे आहे.

'पण बाईंनाच यायचे होते' असेही अनेक जण सांगतात, आणि ते खोटे नसते. एका खोलीत पाच-सहा माणसे दिवसरात्र कोंडलेली असताना, दोन तास बाहेर पडून मोकळ्या घरात काम करणे एखादीला हवेसे वाटू शकते. त्यांच्या भल्याचे आपणच ठरवून त्यांना घरी बसवणे हाही एक प्रकारचा मालकी हक्कच. मात्र 'येते' या शब्दाला संमतीचे वजन येते ते 'येत नाही' म्हणण्याने काही बिघडत नसेल तेव्हाच. पगार येण्याला बांधलेला असताना विचारलेला 'याल का?' हा प्रश्न नसून हुकूमच असतो, फक्त मऊ आवाजातला. पगार सुटा केल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारावा आणि मग काय उत्तर येते ते पाहावे. तेव्हाही वर्षांची सवय, मिंधेपण, काम कायमचे जाईल ही धास्ती यांमुळे उत्तर पूर्ण मोकळे असेलच असे नाही; पण निदान त्यात भुकेची धमकी नसेल. कामाच्या जागी जिवाला गंभीर धोका आहे असे वाजवी कारणाने वाटल्यास कामगाराने तिथून बाजूला होणे आणि त्याबद्दल त्याला शिक्षा न होणे, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या सुरक्षितताविषयक करारात लिहिलेले आहे. कारखान्यातल्या कामगाराला ते समजावून सांगायला संघटना असते. घरात काम करणारी बाई एकटी असते, आणि तिचा कारखाना म्हणजे आपले स्वयंपाकघर.

काही घरांना मदतीवाचून गत्यंतरच नसते. अंथरुणाला खिळलेला माणूस, एकटी राहणारी ऐंशीची बाई, दोघेही रुग्णालयात कामाला असलेले जोडपे, अशांच्या घरी येणारी मदत ही आरोग्यसेवेचाच भाग मानली पाहिजे आणि ती करणाऱ्या व्यक्तीला मास्क, चाचणी, लस यांत तसाच अग्रक्रम मिळायला हवा. उरलेल्या धडधाकट घरांनी मात्र शब्दांशी खेळू नये. आपल्याला गरज असते त्यापेक्षा सवय जास्त असते. इंग्लंडमध्ये मे २०२० च्या मध्यावर टाळेबंदी थोडी सैल झाली तेव्हा साफसफाई करणाऱ्या व्यक्तीला दुसऱ्याच्या घरात जाऊन काम करता येत होते, पण स्वतःच्या आईला तिच्या घरात जाऊन भेटता येत नव्हते. विषाणूला या दोन भेटींतला फरक कळण्याचे काही कारण नव्हते. नियम करणाऱ्यांना एक भेट अर्थव्यवस्था वाटली आणि दुसरी हौस. याची दुसरी बाजूही आहे: बाई येईनाशा झाल्या की त्यांचे काम घरातल्या सगळ्यांत वाटले जाते हा भ्रम असतो, बहुतेक घरांत ते घरातल्या बाईच्या अंगावर पडते. बाईंना बोलवा असा आग्रह धरणाऱ्या कित्येकींचा आग्रह त्या एका अनुभवातून आलेला होता, आणि त्यांना स्वार्थी म्हणण्यापूर्वी त्या घरातल्या पुरुषांच्या हातात केरसुणी द्यायला हवी होती. तसे झाले असते तर निम्म्या घरांपुढे हा प्रश्न उभाच राहिला नसता.

मालकांच्या घरातच राहून घरकाम करणाऱ्यांची कथा आणखी वेगळी, आणि तिला स्वतंत्र लेख लागेल. त्यांच्यासाठी टाळेबंदीचा अर्थ पगार जाणे असा नव्हता, तर सुट्टी जाणे असा होता. हाँगकाँगच्या श्रम खात्याने जानेवारी २०२० च्या अखेरीस घरकामगारांना आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशीही घरीच थांबण्याचे आवाहन केले. 'घर' म्हणजे त्यांच्या बाबतीत कामाची जागा.

घराघरांतल्या चांगुलपणावर हा प्रश्न सुटणार नाही, हे माझ्या एक चतुर्थांशाच्या अनुभवावरून उघड आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजानुसार जगात साडेसात कोटींहून अधिक घरकामगार आहेत, त्यांतल्या तीन चतुर्थांश स्त्रिया आहेत आणि दहांतल्या आठ जणांचे काम असंघटित स्वरूपाचे आहे. जून २०२० मध्ये याच संघटनेने साडेपाच कोटी घरकामगारांचे काम किंवा उत्पन्न धोक्यात असल्याचे सांगितले होते, आणि दोन वर्षांनी असेही की सर्वांगीण सामाजिक सुरक्षा जगातल्या घरकामगारांपैकी जेमतेम सहा टक्क्यांपर्यंत पोहोचते. घरकामगारांना सुरक्षित कामाच्या जागेचा हक्क देणारा करार २०११ मध्ये झाला, २०१३ मध्ये अमलात आला. तो मान्य न केलेले देश आजही बहुसंख्य आहेत. सरकारी मदत नोंदणीच्या मागोमाग जाते, आणि ज्या कामाची नोंदच नाही त्या कामाच्या बंद पडण्याचीही नोंद होत नाही. म्हणून नोंदणी, आजारपणाची भरपगारी रजा आणि कामाच्या अटींचा साधा लेखी कागद या मागण्या साथ नसतानाच लावून धरल्या पाहिजेत. साथ आल्यावर माणसे नवे नियम शोधत बसत नाहीत. रोजचे वळण जसे असेल तसे वागतात. ज्या घरात साध्या सर्दी-तापाचा खाडा धरला जात होता, त्या घराने महासाथीतही खाडाच धरला.

आमच्याकडचे वळण मी त्यानंतर बदलले. आजारपणाचे आणि महिन्यातले दोन दिवस असे धरून भरपगारी रजेचा एक कागद आम्ही दोघींनी बसून लिहिला, त्याची एक प्रत बाईंकडे आहे. पहिले वर्षभर त्या तरीही प्रत्येक वेळी विचारायच्या. गेल्या आठवड्यात सकाळी त्यांचा निरोप आला: "ताई, खोकला आहे, दोन दिवस येत नाही. भांडी घासून ठेवा, साचवू नका." खाड्यांबद्दल त्यांनी काही विचारले नव्हते.